जाड कड पुढे

आमच्या दुकानात खुर्च्या दोन, आरसे दोन आणि सरकारंही दोन. डाव्या खुर्चीवर मी, थोरला. उजव्या खुर्चीवर माझा धाकटा भाऊ. त्याचा पक्ष सत्तेवर, माझा विरोधात. गिऱ्हाईक दारात आलं की कुठली खुर्ची रिकामी आहे ते बघत नाही. आपण मत कुणाला दिलं होतं ते आठवतं आणि त्या खुर्चीपाशी जाऊन उभं राहतं. ज्यांना नुसती दाढी करून हवी असते, सोबत भाषण नको असतं, ते मागच्या गल्लीत जातात. तिथल्या कारागिराला कमी ऐकू येतं, त्यामुळे त्याचं बरं चाललंय.

धाकट्याला गावात कुणी नावाने हाक मारत नाही. तो चक्की. पवनचक्कीतला पवन उडून गेला आणि चक्की तेवढी त्याच्या माथी राहिली. हे नाव पडलं तेव्हा आमच्या डोंगरावर एकही पवनचक्की नव्हती, सरकारही त्याच्या पक्षाचं नव्हतं, आणि हा मात्र वारं प्यालेल्या वासरासारखा जिथे तिथे वाऱ्याचं सांगत सुटला होता. माणूस चिडावा म्हणून लोक नावं ठेवतात ना? हा चिडला असेल तर शपथ. उलट म्हणाला, चक्की म्हणा, निदान विषय तरी निघेल.

आमच्या घरात 'धोरण' हा शब्द त्यानेच आणला. दुकानाच्या मागेच आमच्या दोन खोल्या. मी, माझी बायको आणि हा. ह्याने लग्न केलं नाही. पक्षाशी लागलंय तेवढं पुरे, असं बायको म्हणते. तर आम्ही तिघं धोरणाशिवाय नीट जगत होतो. मग सरकार बदललं, नव्या सरकारने ऊर्जेचं धोरण आणलं, आणि ह्याने ते ऐकून ऐकून पाठ केलं. कोळशावरचं वीजकेंद्र टप्प्याटप्प्याने बंद. डोंगरावर पवनचक्क्या. शाळेच्या आणि दवाखान्याच्या छपरावर सोलर. उघड्यावर कचरा जाळायला मनाई. एक झाड पाडलं तर त्याच्या बदल्यात किती लावायची, तेही. बायको जेवायला वाढताना विचारायची, भाऊजी, दुसऱ्यांदा वाढायचं आज काय धोरण आहे? तो अगदी गंभीरपणे सांगायचा की लागेल तेवढंच घ्यावं, वाया घालवू नये. तिला हसू आवरायचं नाही आणि मला राग.

हे वेड कुठून आलं ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यातला प्रकार. तसं नव्हतं. गावाच्या टोकाला वीजकेंद्र आहे, त्याचं धुराडं आमच्या दुकानातून दिसतं. पाळी सुटली की कामगार थेट आमच्याकडे यायचे. त्यांच्या गालाला साबण लावला की फेस पांढरा राहायचाच नाही. ब्रश जरा फिरवला की राखाडी. दुपारी दोरीवर टाकलेले टॉवेल संध्याकाळी पुन्हा धुवायला. बाबांनी ह्या दुकानात उभं राहून आयुष्य काढलं आणि शेवटची वर्षं खोकत काढली. धाकटा म्हणतो, त्यांना धुराड्याने नेलं. मी म्हणतो, त्यांच्या ओठातली सिगरेट कधी खाली उतरली नाही, तिने नेलं. ह्या एका गोष्टीवरून आम्ही भांडलो तेवढं कुठल्या निवडणुकीवरून भांडलो नाही. खरं काय ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पण बाबा गेले आणि त्याच महिन्यात हा पक्षाचा झेंडा घेऊन घरी आला, कारण धुराडं बंद करू असं म्हणणारा तेव्हा तो एकच पक्ष होता.

माझं म्हणणं वेगळं होतं, आणि आजही आहे. धुराडं काळं असेल, पण त्याच्याखाली सगळं गाव जेवत होतं. पाळीचे कामगार गेले तर खुर्चीवर बसणार कोण, वारा? केंद्राचा अर्धा भाग बंद झाला आणि झालं तसंच. आम्ही दोघं माशा मारत बसायला लागलो. मी म्हणालो, बघ, तुझ्या सरकारने माणसांना वाऱ्यावर सोडलं, आणि तेही अगदी शब्दाला धरून. तो हसला नाही. कामगारांना नवं काम शिकवू असं धोरणात म्हटलं होतं, त्यातलं काहीच झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने दुकान माझ्या गळ्यात टाकलं आणि काम गेलेल्या माणसांना घेऊन स्वतःच्याच पक्षाच्या कचेरीत जाऊन बसला. साहेब नाहीत म्हणाले. हा म्हणाला, येतील तेव्हा येतील, आम्ही आहोत. शेवटी त्यातल्या काही जणांना तरी डोंगरावर काम मिळालं. सगळ्यांना नाही.

डोंगरावर रस्ता करताना गरजेपेक्षा जास्त झाडं पाडली, तेव्हा तर तो पक्षाच्या भर बैठकीत उभा राहिला. खाली बस म्हणाले, बसला नाही. घरी आला तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. मी संधी सोडतोय होय? विचारलं, उतरलं का भूत?

"दादा," तो म्हणाला, "हात चुकला म्हणून वस्तरा कुणी फेकून देतं का? काम चुकलं त्यांचं. धोरण चुकलेलं नाही."

ह्यावर मी आणखी ताणलं असतं. पण बायकोने ताटं मांडली होती.

आता त्याचं ते ठरलेलं भाषण. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून झाला की हा वस्तऱ्यात नवं पातं घालायचा, उजेडात धरायचा आणि सुरू व्हायचा. हे पातं आणि डोंगरावर बसणार तेही पातंच. ह्याचं लहान, त्याचं मोठं, एवढाच काय तो फरक. नियम एक. धार पुढे, पाठ मागे. धार पुढे चालली की केस कापला जातो, धार पुढे चालली की वारा कापला जातो, आणि कापलेल्या वाऱ्यातून वीज निघते. सरकारचं धोरणही तसंच असावं, धारदार, पुढे घुसणारं. असं म्हणत म्हणत गिऱ्हाइकाची मान मागे घ्यायचा. गळ्याशी वस्तरा धरलेल्या माणसाशी वाद कोण घालतो?

आणि खरं सांगू का, वाद घालण्यासारखं त्यात मलाही काही दिसलं नाही. वीज परवडेल का, माणसांचं काय होईल, ह्यावर मी त्याला सोडलं नाही. पण पातं धारेच्या बाजूनेच चालतं ह्याबद्दल आम्हा दोघा भावांचं पूर्ण एकमत होतं. मीही न्हावीच ना.

तर अशी वर्षं चालली होती, आणि एक दिवस डोक्यावर टोप्या घातलेली माणसं आमच्या दारासमोर तिपाईवर यंत्र लावून उभी राहिली. मला वाटलं गटार काढताहेत. निघालं भलतंच. बंदरावरून डोंगराकडे जाणारा रस्ता आमच्या दुकानापाशी वळतो, आणि वळतो म्हणजे मुडपलेल्या कोपरासारखा वळतो. आमचं दुकान वळणाच्या बाहेरच्या अंगाला. पवनचक्कीची पाती इतकी लांब, की गाडी वळायला लागली की मागचं टोक बाहेर फिरणार, आणि फिरणार ते सरळ आमच्या दुकानात. दुसरा रस्ता नाही, तिकडचा पूल एवढं ओझं पेलत नाही. तेव्हा रस्त्याकडची भिंत आणि तिच्यावरचं छप्पर काढावं लागेल. शेवटचं पातं गेलं की पवनचक्क्यांची कंपनी सगळं होतं तसं बांधून देईल. मात्र दुकान बाबांनी दोघांच्या नावावर केलेलं. दोघं हो म्हणाले तरच.

धाकट्याचं हो त्यांचं वाक्य संपायच्या आत आलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, बघतो.

मग काय विचारता, मला गावात भाव आला. माझ्या पक्षाचे लोक आले, म्हणाले, हो म्हणू नका, पाती बंदरातच सडू देत, सरकारचं नाक कापायची अशी संधी पुन्हा येणार नाही. त्याच्या पक्षाचे लोक आले, त्यांच्या तोंडात साखर. मी दोघांचीही बिनपाण्याने केली आणि पाठवून दिलं. धाकटा ह्या सगळ्यात एक अक्षर बोलला नाही. संध्याकाळी दुकान झाडताना फक्त एवढंच म्हणाला, की दादा, तुझ्या मनात नसेल तर नको. तू नाही म्हणालास तर मी स्वतः जाऊन त्यांना सांगतो, तुला कुणी छळणार नाही ते मी बघतो.

ह्याने मी जास्तच चिडलो. त्याने भांडायला हवं होतं. भांडला असता तर मी सरळ नाही म्हणून मोकळा झालो असतो.

मी म्हणालो, "देतो भिंत. पण एका अटीवर. ती बांधायला येतील तेव्हा अजून एक भिंत घालायची, दोन खुर्च्यांच्या मधोमध, पार छपरापर्यंत. तुझं दुकान तुझं, माझं माझं. तुझी ही चक्की ऐकून ऐकून माझे कान किटलेत."

तो हातातला झाडू धरून उभा राहिला. बाबांचं दुकान, लहानपणापासून दोघं एकाच आरशापाशी उभे राहून शिकलो, असं काहीतरी तो बोलेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "ठीक आहे दादा." आणि उरलेले केस झाडून सुपलीत भरले.

बायकोला हे कळलं तेव्हा तिने मला काहीच म्हटलं नाही. ती काही म्हणत नाही तेव्हा माणसाने घाबरावं. माझ्यापुढे ताट ठेवायची आणि त्याच्याशी बोलायची. माझ्याशी बोलायचं असलं की भिंतीकडे बघून बोलायची, उरलेल्या तीन भिंतींपैकी कुठल्यातरी एकीकडे.

कारण चौथी तोवर गेली होती. दोघं मजूर आले, आदल्या पिढ्यांनी बांधलेली भिंत बघता बघता पाडली आणि विटा एका बाजूला रचून ठेवल्या. आमच्या खुर्च्या फरशीत रोवलेल्या, त्या होत्या तिथेच राहिल्या. आरसे मागच्या भिंतीवर, तेही राहिले. दुकानाचा नाटकाचा रंगमंच झाला. खुर्चीवर बसलेल्या माणसाला समोर आरशात सगळा रस्ता दिसायचा आणि रस्त्यावरच्या माणसांना तोंडाला फेस लावलेला तो. बसची वाट बघणारे लोक आमच्याकडे बघत उभे राहायचे. धाकट्याचं भाषण आता पार थांब्यापर्यंत ऐकू जायला लागलं. मी म्हणालो, तुझ्या पक्षाला हे आधी सुचलं असतं तर सगळ्याच न्हाव्यांच्या भिंती पाडल्या असत्या.

मग पातं आलं.

सकाळची वेळ. रस्ता मोकळा केलेला, वरच्या तारा उतरवलेल्या. सगळं गाव पलीकडच्या बाजूला, गच्च्यांवर, दुकानांच्या पायऱ्यांवर. शाळा सोडून दिली होती. आमच्या दुकानात कुणी थांबायचं नाही असा हुकूम होता, पण बाजूच्या भिंतीत घरात जायचं जे मागचं दार आहे, त्यात उभं राहायला आम्हा तिघांना परवानगी मिळाली. ताफ्याची प्रमुख एक बाई होती. उंच, गळ्यात वॉकीटॉकी, चेहरा उन्हाने रापलेला. ती गाडीच्या पुढे चालत नव्हती, मागे होती, टोकापाशी. जिथे चुकू शकतं तिथे ती.

आधी गाडीचं तोंड दिसलं. त्याच्यामागे पात्याचा बुंधा आला, गोल, एवढा मोठा की त्यात मी हात वर करून उभा राहिलो असतो. पांढरा. मला वाटलं, झालं, हेच. पण त्याच्यामागून ते येतच राहिलं. कोपऱ्यावरचं किराणा दुकान त्याच्याआड गेलं. दवाखाना गेला. मी मनात म्हटलं, आता संपेल. नाही संपलं. पांढरं, गुळगुळीत, कुठे सांधा नाही, कुठे खिळा नाही, मधे जरा फुगलेलं आणि पुढे निमुळतं होत गेलेलं. आवाज फक्त गाडीचा. माझं तोंड उघडं पडलं होतं आणि ते मिटायचं मला सुचलं नाही. मी त्या वस्तूच्या विरोधात मत दिलेला माणूस. तरी मला भीती वाटली आणि आनंदही झाला, आणि दोन्ही एकदम कसं झालं ते मला सांगता येणार नाही. माणसाने केलंय हे, असं मी स्वतःलाच दोनतीनदा सांगितलं.

गाडी वळायला लागली. बाईने हात वर केला, मागची चाकं वेगळी वळली, आणि टोक रस्ता सोडून आमच्याकडे निघालं. आधी मला ते आरशात दिसलं. दोन्ही आरशांत मिळून एकच पांढरं, आत येणारं. मग खरं आलं. माझ्या खुर्चीच्या डोक्यावरून सरकलं, मग त्याच्या खुर्चीवरून, इतकं हळू की कपाटावरच्या पावडरीच्या डब्याला धक्का लागला नाही. आणि मधे थांबलं. चाकं पुन्हा सरळ करायची होती म्हणे. जेवढा वेळ ती सरळ होत होती, तेवढा वेळ ते आमच्या दुकानात होतं, बाबांच्या दुकानात, डोक्याच्या जरासं वर.

बायकोने माझा दंड धरला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

धाकट्याने बाईला विचारलं, हात लावू का? ती म्हणाली, लावा, पण अलगद. त्याने आधी दोन्ही हात पुसले. मग न्हावी जसं करतो तसंच केलं, अंगठा पातळ कडेवर ठेवला आणि आडवा फिरवला. चेहरा बघायला हवा होता त्याचा. इतकी वर्षं ज्याचं सांगत आला ते आज अंगठ्याखाली. डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्याचं हसू आलं नाही.

"ही धार पुढे चालणार ना?" त्याने विचारलं. विचारलं कसलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून सांगितलंच.

"नाही," बाई म्हणाली. "ती मागची. पुढे चालते ती ही." आणि तिने पलीकडच्या जाड, गोल कडेवर तळवा ठेवला.

धाकटा हसला. त्याला वाटलं तिचं बोलताना उलटसुलट झालं. म्हणाला, बाई, पातं आहे हे, आम्ही पात्यावर जगतो. तिने न रागावता समजावलं. हे पातं वारा कापत नाही. जाड कड पुढे असते, गोल असते म्हणून वारा तिच्यावरून दोन्ही अंगांनी सरकतो, आणि सरकता सरकता पात्याला ओढून नेतो. पातळ कड मागून येते, वारा तिथे नीट सुटावा म्हणून. धार पुढे ठेवली तर ते नीट चालणारच नाही.

दुकानाला भिंत नव्हती. पायऱ्यांवरच्या माणसांनी सगळं ऐकलं. माझ्याच खुर्चीवरचं एक जुनं गिऱ्हाईक ओरडलं, "अरे चक्की, म्हणजे इतकी वर्षं उलटा वस्तरा चालवत होतास की काय!" आणि जे हसू सुटलं ते पार रस्त्याच्या टोकापर्यंत गेलं. मी हसलो नाही. हसलो असतो तर माझ्यावरच हसलो असतो, पण ते कुणाला माहीत नव्हतं.

धाकट्याने पातळ कडेवरचा हात काढला आणि जाड कडेवर ठेवला, पूर्ण पंजा. "म्हणजे मी सगळ्यांना उलटं सांगत होतो," तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही. मग बाईचा हात खाली आला, टोक हललं आणि त्याच्या हाताखालून सरकत दुकानाबाहेर गेलं.

मला वाटलं, आता हा काही दिवस तरी गप्प बसेल. कान मोकळे होतील. संध्याकाळी त्याच्या खुर्चीवर पहिलं गिऱ्हाईक बसलं, त्याने टॉवेल गुंडाळला, ब्रश ओला केला आणि थांबला. म्हणाला, आधी एक सांगायचंय. धार पुढे असते असं मी तुम्हाला सांगितलं होतं, ते चुकीचं होतं. जाड कड पुढे असते, पातळ मागून येते. गिऱ्हाईक म्हणालं, अरे बाबा, मला आठवतसुद्धा नाही. हा म्हणाला, मला आठवतं.

आणि मग तो प्रत्येकाला सांगत सुटला. खुर्चीवर बसेल त्याला, रस्त्यात भेटेल त्याला. जे आता आमच्याकडे येत नाहीत त्यांना गाठायला मागच्या गल्लीतल्या त्या कारागिराच्या दुकानात गेला, आणि तिथे त्या कारागिरालाही ओरडून सांगितलं. काम गेलेल्या कामगारांच्या घरी गेला. एक म्हातारा अंथरुणाला खिळलेला, त्याच्या उशाशी बसून त्याने कड जाड असते कशी आणि वारा सरकतो कसा ते समजावलं. म्हातारा म्हणाला, मला वाटलं माझी पेन्शन घेऊन आलास. बाकी पाती रोज सकाळी येत होती, आणि प्रत्येक वेळी टोक दुकानात थांबलं की हा बाईला अजून काहीतरी विचारायचा, मग तेही लोकांना सांगायचा.

लोकांनी त्याची टिंगल केली नसती तरच नवल. माझ्या पक्षाची पोरं मुद्दाम दारावरून जायची आणि ओरडायची, चक्की, कुठली कड पुढे? हा हातातलं काम थांबवून दर वेळी पूर्ण उत्तर द्यायचा, जणू पहिल्यांदाच विचारलंय. शेवटी पोरांनाच कंटाळा आला. आणि गंमत बघा, त्यांच्यापैकी दोघं पुढे खरंच विचारायला आली, की सरकत्या वाऱ्याने एवढं धूड ओढलं कसं जातं.

मग त्याच्या पक्षाची माणसं आली. त्यांचं म्हणणं पडलं, की हे काय चालवलंय, स्वतःचं हसं का करून घेतोस, कुणाच्या लक्षातही नव्हतं. तू चुकलो चुकलो म्हणत फिरलास तर लोक म्हणतील, सगळं धोरणच असं उलटं असेल. मी माझ्या खुर्चीवर एकाचे केस कापत होतो, पण कात्री थांबवली.

"एवढीशी चूक मी दडवली," धाकटा म्हणाला, "तर मोठ्या गोष्टीत त्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा?"

ती माणसं गेली. मी कात्री पुन्हा सुरू केली, पण हातात लक्ष नव्हतं. मला मिसरूड फुटलं तेव्हापासून मी माझ्या पक्षात आहे. मोठमोठ्या लोकांची भाषणं मांडवात पहिल्या रांगेत बसून ऐकलीत. वारा येईल तशी पाठ फिरवणारे पाहिलेत, केसाने गळा कापणारे पाहिलेत. पण गेल्या वर्षी मी तुम्हाला जे सांगितलं ते चुकीचं होतं, असं सांगायला पुन्हा दारात आलेला माणूस मी पाहिला नव्हता. माझ्या पक्षात नाही, त्याच्या पक्षात नाही, कुठेच नाही. तो माझ्या शेजारी, हाताच्या अंतरावर, उजव्या खुर्चीपाशी उभा होता. त्या पात्यासमोर मी जसा झालो होतो ना, तोंड उघडं टाकून, तसाच मी आतून झालो. फक्त ह्या वेळी तोंड मिटलेलं होतं, कारण गिऱ्हाइकाला कळलं असतं.

शेवटचं पातं गेलं. कंपनीचा गवंडी आला आणि त्याने रस्त्याकडची भिंत उभी केली, छप्पर घातलं. दुकानात पुन्हा सावली आली. मग तो म्हणाला, आता मधली. अट सगळ्यांना माहीतच होती, धाकट्यानेच त्याला सांगून ठेवली होती. गवंड्याने नव्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत दोरी ताणायला घेतली, दोन खुर्च्यांच्या बरोबर मधून. दुसरं टोक धरायला माणूस नव्हता. धाकट्याने धरलं.

माझ्या खुर्चीवर तेव्हा बंदरावरचा एक म्हातारा खलाशी बसला होता, अर्ध्या तोंडाला फेस. बऱ्याच महिन्यांनी गावात आलेला, एरवी धाकट्याच्या खुर्चीवरचा, पण तो गवंड्याच्या कामात म्हणून माझ्याकडे. धाकटा दोरी धरून भिंतीपाशी उकिडवा बसलेला, तिथूनच म्हणाला, आजोबा, तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. मागे मी तुम्हाला धार पुढे असते म्हणालो होतो. आजोबा म्हणाले, तू सांगितलं होतंस तेव्हाच मला माहीत होतं ते खोटं आहे, शिडाला कुठे धार असते? पण तुझ्या हातात वस्तरा होता. धाकटा एवढा हसला की दोरी हलायला लागली. मग विचारायला लागला, शिडाचं कसं असतं, सांगा ना. दोरी ताणून धरलेलीच, तोंड माझ्या खुर्चीकडे, सगळं लक्ष त्या म्हाताऱ्याकडे.

गवंड्याने माझ्याकडे बघून विचारलं, "ठेवू का पहिली वीट?"

बायको मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी वस्तरा पुसला. धाकट्याकडे बघून बोलणं मला जमलं नसतं, म्हणून गवंड्याकडेच बघून बोललो.

"नको. दोरी गुंडाळ."

"दादा, ठरलंय आपलं," धाकटा म्हणाला.

"ठरलं होतं. पण आधी एक सांगायचंय," मी गवंड्याला म्हणालो. "मी सांगितलं होतं ते चुकीचं होतं. मधे भिंत आली तर मला ह्याचं ऐकू येणार नाही."

गवंडी दोरी गुंडाळायला लागला. दुसरं टोक धाकट्याच्या मुठीत होतं, आणि ते सोडायचं त्याला सुचेना.